विषय: रि: जोतीरावांनी पुस्तक अर्पण केलं ते लोक नक्की कोण?

नमस्कार मंडळी,
रविवारी मुलीने विचारलं आणि मला सांगता आलं नाही म्हणून इथे टाकतेय. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, गुलामांसाठी ते झटले म्हणून, पण त्यात नाव एकाचंही नाही. ती म्हणते, मग आई ते कोण? आपण बॉस्टनवाले, कुणाला तरी माहीत असेल ना.

---

ताई, फार बरं झालं विचारलंत.
पहिलं नाव विल्यम लॉइड गॅरिसन. १ जानेवारी १८३१ ला इथेच बॉस्टनमध्ये 'लिबरेटर' हा पेपर काढला, म्हणणं एकच, गुलामी हे पाप आहे आणि पाप काही हप्त्याहप्त्याने सोडत नाहीत, आजच सोडा, मालकांना भरपाईबिरपाई काही नाही. १८३५ मध्ये इथल्याच जमावाने त्याला दोरी बांधून रस्त्यातून ओढलं, जीव वाचवायला रात्रभर जेलमध्ये ठेवावं लागलं. आणि आपल्या फ्रॅमिंगहॅमला, ४ जुलै १८५४ ला, भर सभेत त्याने अमेरिकेच्या घटनेची प्रत जाळली! तिच्यातच गुलामीशी तडजोड आहे म्हणून, मतदानही नको म्हणायचा.
पण मुलीला फ्रेडरिक डग्लस सांगितल्याशिवाय राहू नका. १८३८ मध्ये स्वतः गुलामीतून पळून न्यू बेडफर्डला आलेला, आधी गॅरिसनच्याच तालमीतला, पण १८५१ मध्ये त्याने उघड सांगितलं की घटना गुलामीच्या विरुद्ध वाचता येते, तीच हातात घेऊन लढू. त्यावरून दोघांचं जे फाटलं ते फार कडवट होतं. मला तरी डग्लसचं पटतं.

---

दोघांनाही नमस्कार,
लुइस हेडन राहिला की! केंटकीतून पळून आलेला, पहिली बायको आणि मुलगा दोघंही विकले गेलेले, परत कधी भेटले नाहीत. बीकन हिलला फिलिप्स स्ट्रीटवर त्याचं घर. १८५० च्या कायद्याने पळालेल्यांना धरून न्यायला माणसं पार बॉस्टनपर्यंत यायला लागली, तेव्हा असाच गुलामीतून पळून आलेला विल्यम क्राफ्ट हेडनकडे लपला होता आणि हेडनने घरात बंदुकीच्या दारूची पिंपं आणून ठेवली, आत याल तर घरासकट उडवून देईन म्हणाला. गॅरिसन हिंसेच्या पूर्ण विरोधात, आणि तरी दोघं एकाच चळवळीत.
आत जाता येत नाही, लोक राहतात तिथे, पण बाहेर पाटी आहे. शनिवारी नातवाला घेऊन जातोय, दहा वाजता चार्ल्स एमजीएच स्टेशनला भेटू. मुलीला नक्की आण गं.