महाकाय भोपळ्यासाठी थंडीत काय काय करून ठेवायचं? (वाई, जि. सातारा)

वाईचा मळा
नमस्कार मंडळी. वाईजवळ आमचा मळा आहे, मध्यम काळी जमीन, विहिरीचं पाणी. त्यातले दोन गुंठे मोठ्या भोपळ्यासाठी काढलेत. आपला नेहमीचा डांगर नव्हे, अटलांटिक जायंट, कॅनडात नोवा स्कोशियाच्या हॉवर्ड डिल यांनी वर्षानुवर्षं निवड करून तयार केलेली जात. २०२३ ला अमेरिकेत १२४७ किलोचा भोपळा झाला आणि २०२५ ला इंग्लंडच्या पॅटन या जुळ्या भावांनी १२७८ किलोचा करून तो रेकॉर्ड पण मोडला, तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. तिकडची मंडळी ऑक्टोबरात भोपळा काटा करून आले की लगेच पुढच्या वर्षाला लागतात, म्हणजे वाफ्यात झाडांचा पाला टाकायचा, राय (गव्हासारखं एक धान्य, नंतर जमिनीत गाडायला) पेरायची, चुना टाकायचा, मग बर्फ पडला की घरात बसून बिया निवडायच्या. आता डिसेंबर चालू आहे, आपल्याकडं बर्फ नाही काही नाही, मग मी थंडीत नक्की काय करून ठेवू? आणि संक्रांत झाली की बी लावलं तर जमेल का? ज्यांनी मोठे भोपळे केलेत त्यांनी सांगा प्लीज.

कृष्णाकाठ (मिरज)
दादा, पहिलं म्हणजे त्यांचं कॅलेंडर आपल्याला चालत नाही. तिकडं थंडीत वेल जगत नाही म्हणून त्यांचा ऑफ-सीझन थंडीत येतो, आपल्याकडं वेलाला खरा त्रास एप्रिल-मेमध्ये. या जातीला दिवसा २५-३० डिग्री आणि रात्री गारवा मानवतो, आणि असलं हवामान आपल्याकडं नोव्हेंबर ते फेब्रुवारीच असतं. दिवस लहान आणि रात्र गार असली की मादी फुलं चांगली येतात, ऊन तापलं की नर फुलंच नर फुलं आणि आलेली मादी कळी पिवळी पडून गळते. संक्रांतीला बी लावलं तर परागीकरण मार्चच्या मध्यात येणार आणि फळ फुगायचे सत्तर-ऐंशी दिवस बरोबर उन्हाळ्यात सापडणार. आमच्या मिरजेत तर ते नकोच. तुमच्या वाईला थोडं सुसह्य असेल, एका गुंठ्यात एक वेल लावून बघायला हरकत नाही, पण फळावर शेडनेट पाहिजेच, आणि नेट फळावरच, वेलाला ऊन लागू द्या.

मोठा डाव खेळायचा तर बी सप्टेंबरच्या शेवटाला. मग ऑफ-सीझन झाला मार्च ते ऑगस्ट, आणि तेव्हा आपल्याकडं जे फुकटात मिळतं ते तिकडच्यांना मिळत नाही, ऊन! एप्रिल-मेला वाफा भिजवून वर पारदर्शक प्लास्टिक अंथरायचं, २५ ते ५० मायक्रॉनचं, कडा मातीत दाबून चार ते सहा आठवडे. माती तापून बुरशी, तणाचं बी, सूत्रकृमी (मुळांत शिरणारे बारीक जंत) बरेच कमी होतात. काळं प्लास्टिक घेऊ नका, त्यानं तेवढी माती तापत नाही.

ऊस आणि माती (कराड)
वरच्या दादांशी सहमत, पण डिसेंबरमध्ये करायचं काम भरपूर आहे आणि ते आत्ताच होतं, कारण आत्ता ऊसतोड चालू आहे. तिकडं जे काम झाडाचा पाला करतो ते आपल्याकडं पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, करतंय. कुणाच्या तरी फडातलं पाचट जाळायच्या आधी उचला. पण थेट वाफ्यात गाडू नका, कुजताना ते जमिनीतलं नत्र ओढतं आणि वेल पिवळा राहतो. खड्डा करा नाहीतर ढीग लावा, एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो पाचट कुजवायचं जिवाणू कल्चर, थरावर थर, मधून शेणकाला, आणि ओल टिकली पाहिजे. मूठभर घेऊन दाबलं की बोटं ओली व्हावीत पण पाणी गळू नये, एवढी. मे पर्यंत काळं भुसभुशीत खत हातात येतं. शेणखत पण आत्ताच आणून त्यात कुजवा, कच्चं शेणखत पावसाळ्याच्या तोंडावर टाकलं तर हुमणीला (मुळं खाणाऱ्या अळीला) आमंत्रण, आपल्या ऊस पट्ट्यात हे सांगायला नको.

दुसरं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: चुना टाकू नका. राखसुद्धा नको. त्यांची माती आम्लधर्मी असते म्हणून ते चुना टाकतात. या भोपळ्याला सामू (pH) साडेसहा ते सातच्या आसपास पाहिजे, आपल्या काळ्या जमिनीत तो बऱ्याचदा आठच्या वर असतो, त्यात चुना म्हणजे लोह आणि जस्त अजूनच अडकणार आणि शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडणार, शिरा तेवढ्या हिरव्या. आधी माती परीक्षण करा. नमुना नीट घ्या: नागमोडी चालत सात-आठ ठिकाणी इंग्रजी व्ही सारखा वीत-दीड वीत खोल खड्डा, खड्ड्याच्या भिंतीवरची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीनं खरवडायची, सगळी एकत्र मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, परत तसंच, अर्धा किलो राहीपर्यंत. सावलीत वाळवा. साताऱ्याला बोरगावच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, सांगलीकडच्यांनी कांचनपूरला. जिप्सम कुणी सांगितलं तरी रिपोर्टमध्ये जमीन चोपण (सोडियम जास्त असलेली) निघाली तरच टाका.

जूनला ताग पेरा आणि फुलावर यायच्या सुमाराला, दीड महिन्यात, गाडा. त्यांच्या रायचं काम आपल्याकडं ताग करतो, आणि नत्र पण देतो. गाडल्यावर महिनाभर तरी कुजू द्यायचा, सप्टेंबर बरोबर गाठता येतो.

द्राक्षबागवाली (तासगाव)
बियांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. या छंदात बियाणं हेच अर्धं काम आहे. तिकडं बी ओळखतात ते वजन पौंडात, मग पिकवणाऱ्याचं आडनाव, असं. उदाहरणार्थ २००९ वॉलेस, म्हणजे रॉन वॉलेस यांचा २००९ पौंडांचा, २०१२ चा, दोन हजार पौंड ओलांडणारा जगातला पहिला भोपळा. आईकडचा वेल कुठला, पराग कुठल्या वेलाचा, हे सगळं लिहून ठेवलेलं असतं. थंडीत बसून हा वंशवेल वाचायचा आणि त्यावरून बी ठरवायचं. पण भाऊ, परदेशातून पाकिटात बिया मागवू नका, बियाणं आयातीला परवाना आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (बियाणं रोग-कीडमुक्त असल्याचा दाखला) लागतं, आपल्या बागांत नवा रोग आला तर सगळ्यांचंच नुकसान. रीतसर आयात करणाऱ्या इथल्याच विक्रेत्याकडून घ्या. आलेलं बी हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात.

आणि हळद किंवा आलं काढलेल्या रानात लावणार असाल तर आधीच्या पिकाच्या मुळ्या उपटून बघा, गाठी दिसल्या तर सूत्रकृमी आहे, ते रान नको. नाइलाज असेल तर आधी झेंडू घ्या.

वाईचा मळा
सगळ्यांचे मनापासून आभार, चुन्याची गोणी आणायला निघालोच होतो, ती आता कॅन्सल. ठरलं मग, संक्रांतीनंतर एका गुंठ्यात एक वेल चाचणीला, दुसऱ्या गुंठ्यात सप्टेंबरची तयारी. दोन शंका. संक्रांतीला रात्री गार असतात, उगवण होईल का? आणि मळ्याच्या एका कोपऱ्यात मोठा आंबा आहे, तो भाग धरू का?

कृष्णाकाठ (मिरज)
बी थेट रानात टाकू नका, उगवायला माती २५-३० डिग्री लागते. घरात मोठ्या कुंडीत लावा. या बियांचं टरफल जाड असतं, पॉलिश पेपरनं दोन्ही बाजूच्या कडा हलक्या घासा, टोकाकडचा भाग सोडून, कारण मोड तिथून येतो. मग कोमट पाण्यात दोन-तीन तास आणि टोक खाली करून लावा. पहिलं खरं पान उघडलं की रानात, मुळाला धक्का न लावता, मुळं जास्त वाढू देऊ नका.

ऊस आणि माती (कराड)
आंब्याखाली वेल नको, सावली पण आणि मुळं पण. तो कोपरा पाचटाच्या ढिगाला द्या, सावलीत ओल टिकते. मातीचा नमुना मात्र तिथला घेऊ नका, ढिगाजवळचा आणि बांधाजवळचा पण नको. रिपोर्ट आला की सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब हे तीन आकडे इथं टाका, मग खताचं बघू.