संज्ञा पाठ नाहीत म्हणून दशावतार कळत नाही म्हणे!

पेटारा (कुडाळ)
काल एका गृहस्थांनी लिहिलं की कथानक, संघर्ष, निवेदक, प्रतीक, अलंकार या संज्ञा ज्याला येत नाहीत त्याला गोष्ट, नाटक, कविता कळत नाही, त्याची फक्त करमणूक होते. दाखला कुणाचा, तर जत्रेत रात्रभर दशावतार, म्हणजे आमचं कोकणातलं लोकनाट्य, बघणाऱ्यांचा. वर हेही, की दशावताराला संहिता नसते, म्हणजे कथानकही नसतं. दोन ओळींत भागणार नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

साहेब, गेल्या जत्रेत आमच्याकडे सीताहरण होतं. रात्रीचा एक वाजलेला. रंगमंचावर काय, तर एक पडदा आणि एक बाकडं. ते मघाशी सिंहासन होतं, आता पर्णकुटी झालेलं. साधूच्या वेषातला रावण भिक्षा मागतोय, सीता उठतेय, आणि पुढच्या रांगेतली एक म्हातारी गोधडीतून तोंड काढून ओरडली, "गो बाय, भायर येव नको! रावण तो!" प्रेक्षकाला ठाऊक आणि पात्राला नाही, याला तुमच्या पुस्तकात नाट्यगत उपरोध म्हणतात ना? तिला नाव येत नव्हतं, पण ओरडायचं तिथेच ओरडली.

संहिता नसते हे खरं. संध्याकाळी आख्यान ठरतं आणि संवाद आयत्या वेळी सुचतात. पण कथानक नसतं तर पहाटे खेळ संपवणाऱ्या दहीकाल्याआधी राक्षस बरोबर मरतो कसा?

निवृत्त मास्तर (देवगड)
म्हातारी ओरडली कारण सीताहरण तिला लहानपणापासून पाठ. तिला अनोळखी कथेसमोर बसवा, मग बोलू.

संज्ञांची टिंगल सोपी असते. 'खाडी आरशासारखी' ही उपमा. 'खाडी जणू आरसा' ही उत्प्रेक्षा. 'खाडीचा आरसा' म्हटलं की रूपक. 'ही खाडी नव्हेच, आरसा आहे' ही अपन्हुती. पाणी तेच, पण कवी किती ठामपणे बोलतोय ते दर ओळीला बदलतं. नावं नसतील तर हा फरक दुसऱ्याला दाखवणार कसा? 'छान वाटलं' एवढंच म्हणत बसायचं? आणि आपली रंगभूमी १८४३ साली सांगलीत उभी राहिली ती नांदी, सूत्रधार, विदूषक म्हणजे काय हे जाणणाऱ्यांच्या जोरावर, हेही विसरू नका.

खाजणवाट (रत्नागिरी)
मास्तर, तुम्ही असं शिकवलं असेल. आमच्या वाट्याला आलं ते 'जणू, गमे, वाटे, भासे दिसलं की डोळे मिटून उत्प्रेक्षा लिहा'. माझ्या मुलीच्या शाळेची सहल मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकाला गेली होती. बाईंनी कविता वाचली आणि पुढच्या श्वासाला प्रश्न, "अलंकार कोणता?" कविता कशाबद्दल होती हे पोरीला आजही सांगता येत नाही. माझी आजी सही करायची नाही, पण मनाचे श्लोक एका लयीत म्हणायची. त्यांचं वृत्त भुजंगप्रयात, म्हणजे ओळीत चार य-गण, हे तिला कुणी सांगितलं असतं तर तिने त्याला आधी चहा दिला असता.

चिपळूणची
मी मास्तरांच्या बाजूने, आणि कारण पुस्तकी नाही. एका दिवाळी अंकात माझी कथा आली. कथेतला 'मी' धाकट्या भावाच्या वाट्याची हापूसची कलमं परस्पर विकतो. अंक गावात पोचला आणि चुलत्यांचा फोन: "कुठली कलमं विकलीस?" सातबारा काढून आणला हो त्यांनी! काकू अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. निवेदक वेगळा आणि लेखक वेगळा, एवढी एक संज्ञा आमच्या वाडीला माहीत असती तर माझी दिवाळी बरी गेली असती. जत्रेत रावणाचं काम करणाऱ्याला सकाळी कुणी 'सीता दे' म्हणत नाही. छापलेला 'मी' दिसला की मात्र सगळे तलाठी होतात.

वेंगुर्लेकर
मास्तरानू, १८४३ परत काढलात? विष्णुदास भाव्यांच्या नाटकात सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं आयत्या वेळी बोलायची. ह्या आमच्याकडे अजून चालता! मग तां सांगलीत केला की रंगभूमी, आणि आमच्या देवळासमोर केला की करमणूक?

निवृत्त मास्तर (देवगड)
भाव्यांच्या डोळ्यासमोर कर्कीच्या भागवत मंडळींचे यक्षगानाचे खेळ होते. कर्की उत्तर कन्नडमध्ये, होनावरजवळ. तुमच्या वेंगुर्ल्यात नाही.

वेंगुर्लेकर
होनावर काय घाटावर आसा? तीव किनारपट्टीच. म्हणजे पुरावो तुम्हीच दिलात, आभारी आहे.

निवृत्त मास्तर (देवगड)
किनारा एक म्हणून नाटक एक? मग खाजणातला खेकडाही नटसम्राट. दशावतार, यक्षगान यांचं नातं जरूर शोधा, पण कागद दाखवून. गावाचा अभिमान हा पुरावा नव्हे.

पेटारा (कुडाळ)
मास्तर, तोंड सांभाळून. ज्या पेटाऱ्यात मुखवटे आणि साज असतो त्याची आमच्याकडे पूजा होते. आणि एवढी परंपरेची काळजी आहे तर ट्रिकसीनवाल्यांना बोला ना! धूर, रंगीत लाइट, आगीचे लोळ. मुख्य आख्यानाआधीचा गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुराचा आडदशावतार दहा मिनिटांत गुंडाळायचा आणि राक्षस फुटतो कसा ते दाखवायचं.

वेंगुर्लेकर
ट्रिकसीनाक नावा ठेवू नका. तरणी पोरा मोबाईल सोडून बसतत ती त्याच्यासाठी. नुसत्या बाकड्यार तुम्ही आणि मास्तर दोघेच बसशात.

पेटारा (कुडाळ)
बसतील की. राजपार्टी, म्हणजे राजाचं काम करणारा नट, नुसत्या आवाजावर रथ उभा करायचा. आमच्या वडलांनी पखवाज वाजवलाय, मला शिकवू नका. धूर सोडला की तुमच्या नटाला स्वगतात काय बोलावं सुचत नाही, कारण तोही खोकत असतो.

चिपळूणची
प्रश्न होता संज्ञा लागतात की नाही, आणि गेले तासभर तुम्ही सूत्रधार, स्वगत, संहिता, आख्यान यांच्यावाचून एक वाक्य बोलला नाहीत. तुमचंच म्हणणं तुम्ही पाडलंत, पेटारा.

पेटारा (कुडाळ)
ठीक आहे. भांडायला संज्ञा लागतात, हे मान्य. बघायला लागत नाहीत.

निवृत्त मास्तर (देवगड)
उपकार झाले. मीही एवढं देतो की म्हातारीला आधी नाटक दाखवावं, नाव मागाहून सांगावं. उलट क्रमाने शिकवणारे आमच्यातच जास्त, हे नाकारत नाही. पण 'मागाहून' म्हणजे 'कधीच नाही' असा अर्थ काढू नका.

खाजणवाट (रत्नागिरी)
भांडण जरा थांबवा. मुलीची सोमवारी चाचणी आहे. अनन्वय म्हणजे काय, एका ओळीत कुणी सांगेल का? व्याख्या पाठ आहे, पण कळलेली नाही.

निवृत्त मास्तर (देवगड)
ज्याला जोडच नाही म्हणून त्याची तुलना त्याच्याशीच करावी लागते, तो अनन्वय. उदाहरण: देवगडच्या हापूससारखा देवगडचाच हापूस.

खाजणवाट (रत्नागिरी)
व्याख्या कळली, धन्यवाद. उदाहरण मात्र अतिशयोक्तीचं दिलंत. मुलीला वहीत रत्नागिरीचा लिहायला सांगितलाय.