प्रति: महाग केबलने आवाज खरंच सुधारतो का?
‘वायर ती वायर, फरक शून्य’ हे तुमचं म्हणणं स्पीकरच्या दोन-तीन मीटर वायरीपुरतं शंभर टक्के मान्य. लांबी वाढली की गणित बदलतं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घरी अ‍ॅम्प्लिफायर एका खोलीत, स्पीकर दुसरीकडे. मध्ये १० मीटर. मी ०.५ चौरस मिमीची बारीक वायर ओढली होती. जाऊन-येऊन २० मीटर तांबं, म्हणजे रोध (विजेला होणारा अडथळा) जवळपास पाऊण ओहम. ४ ओहमच्या स्पीकरला हे लई झालं: दीड डेसिबल आवाज तिथंच खल्लास, शिवाय स्पीकरचा रोध प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा असल्यानं सूरही थोडा बदलतो. मग घराच्या वायरिंगची साधी २.५ चौरस मिमी तांब्याची वायर टाकली. रोध ०.१५ ओहमवर आला, बेस आवळला, म्हणजे खालचे सूर घुमायचे थांबून नेमके वाजायला लागले. सोनेरी टोकांची केबल नाही घेतली, त्या पैशात तांबडा-पांढरा रस्सा किती वेळा झाला असता!