जनाबाईने विठ्ठलाला घातलेल्या शिव्या: निंदास्तुती की खरंच भांडण?

खारी_बटर
आमच्या इथल्या मंडळात आषाढीचा कार्यक्रम आहे आणि अभंगवाचन माझ्याकडे आलंय. यादीत जनाबाईंचा 'अरे विठ्या अरे विठ्या, मूळ मायेच्या कारट्या' टाकला तर कमिटीतल्या दोघातिघांनी नाक मुरडलं, देवाला असलं बोललेलं लहान मुलांसमोर नको, त्यात रांड काय, मढं काय. मी म्हणलं अहो ही निंदास्तुती आहे, वरून शिवी आणि आतून स्तुती. तर एक काका म्हणे मग ओळीओळीने दाखव स्तुती कुठेय ती. आता शनिवारी मीटिंग आहे. निंदास्तुती नक्की कशाला म्हणायचं आणि संतांच्या सगळ्याच भांडणांना हे लेबल चालतं का? प्लीज जरा सोप्यात सांगा, संस्कृत माझं दहावीपुरतंच.

वामकुक्षी
ताई, शास्त्रात याला व्याजस्तुती म्हणतात. मम्मटाच्या काव्यप्रकाशात (अलंकारांवरचा जुना संस्कृत ग्रंथ) व्याख्या आहे, तोंडावर निंदा आणि आत स्तुती, किंवा उलटं. अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंद या तसल्याच ग्रंथातलं उदाहरण तर एका वाक्यात काम करतं. गंगेला विचारलंय की बाई, तुला काही विवेक आहे का नाही, पाप्यांना स्वर्गात नेतेस? झालं. दोष म्हणून जे सांगितलं तेच तिचं मोठेपण.

पण माझं सगळ्यात आवडतं ठिकाण म्हणजे कालिदासाच्या कुमारसंभवाचा पाचवा सर्ग. पार्वती तपाला बसलीय आणि शंकर स्वतःच बटूच्या वेषात येऊन तिच्यासमोर शंकराची बदनामी करतो, डोळे विचित्र, जन्माचा पत्ता नाही, नेसायला वस्त्र नाही यावरूनच संपत्ती कळते, असल्याशी काय लग्न करतेस. पार्वती भडकते, एकेक मुद्दा खोडते आणि मग म्हणते की तुला दोषच काढायचा होता तरी एक गोष्ट मात्र बरोबर बोललास, जो ब्रह्मदेवाचंही कारण आहे त्याचा जन्म कुणाला कसा कळणार! म्हणजे निंदा करणारा तोच, निंदा त्याचीच, आणि त्यातली स्तुती पार्वतीने उलगडून दाखवायची. कालिदासाने काय मजा घेतलीय.

आता काकांसाठी जनाबाई. मूळ मायेचा कारटा का, तर निर्गुणाला रूप येतं ते मायेमुळे, म्हणून सगुण विठ्ठल तिचं पोर. पुढे बायको रंडकी झाली म्हणते आणि लगेच तिनेच जन्मसावित्री चुडा ल्याला म्हणते, मग विधवा की अखंड सौभाग्यवती? निर्गुणाच्या अंगाने बघितलं तर मायेला नवराच नाही, सगुणाच्या अंगाने बघितलं तर तो कधी मरत नाही. आणि 'तुला पाहून काळ रडे' याच्याइतकी मोठी स्तुती कुठली, सगळं जग काळाला बघून रडतं, इथे काळ याला बघून रडतोय. झाली की ओळीओळीने.

पाटनी_लेन
बंगालीत याचं एक फार गोड उदाहरण आहे, इकडे कोलकात्यात शाळेत शिकवतात म्हणून माहितीय. भारतचंद्रांच्या अन्नदामंगलमध्ये (अठराव्या शतकातलं काव्य) अन्नपूर्णा देवी साध्या बाईच्या रूपात नदी पार करायला नावेत बसते आणि नाव चालवणाऱ्या ईश्वरी पाटनीला स्वतःच्या नवऱ्याची, म्हणजे शंकराची, ओळख सांगते. म्हातारा आहे, सिद्धीत निपुण, एक गुण नाही अंगात, कपाळाला आग! पाटनीला वाटतं बिचारीचं नशीब फुटकं. आपण समजतो की सिद्धी म्हणजे भांग पण आणि योगसिद्धी पण, गुण नाही म्हणजे निर्गुण, आणि कपाळात आग आहे ती तिसऱ्या डोळ्याची.

वाळवंटातला_गोटा
वामकुक्षीजी, छान लिहिलंय पण मला हे अर्धंच पटतं. आमच्या घरी तीन पिढ्यांची वारी आहे आणि कीर्तनात हा अर्थ मी पण ऐकत आलोय. चुडा, काळ वगैरे खरंय, जनीला ते माहीत नव्हतं असं मी म्हणत नाहीये. पण तिचा शेवट बघा ना, अंगणात उभी राहून शिव्या देते दासी जनी. ती स्वतः त्याला शिव्याच म्हणतेय! आपण कशाला तिच्या वतीने माफी मागत फिरायचं की नाही हो, तसं म्हणायचं नव्हतं तिला.

गंगेच्या उदाहरणात बोलणारा चिडलेला नाहीच, तो कोडं घालतोय. नामदेवराय पतितपावन नाव ऐकून दारात येतात आणि तू पतितपावन होत नाहीस म्हणून परत चाललो म्हणतात, घेशील तेव्हा देशील असला तू उदार असं तोंडावर सुनावतात, त्यात कुठलं कोडं? ती अडवणूक आहे, सलगीतली. तुकोबांनी तर 'माझे लेखी देव मेला' म्हणून बोलणंच तोडलं आणि त्याच अभंगात वर हिशोब सांगितला की स्तुतीसकट निंदा, हा धंदा भरपूर करून झाला. म्हणजे त्यांना दोन्ही वेगवेगळं कळत होतं, आणि त्या दिवशी दोन्हीचा वीट आला होता.

आणि एक जागा अशी आहे की जिथे हे लेबल लावलं तर मला रागच येतो. कर्ममेळा, चोखोबांचा मुलगा. आमची हीन जात तूच केलीस, तुला कसं कळत नाही, उष्टं खाण्यात जन्म गेला, तुझ्या चित्ताला लाज नाही वाटत? यात छुपी स्तुती शोधणाऱ्याने आधी सांगावं की उष्टं खाण्याची स्तुती कशी करतात. ज्याला देवळात पाय ठेवू देत नाहीत तो देवाला जाब विचारतोय, आणि तो जाब आहे तसाच ऐकायला पाहिजे. भक्ती त्याच्यात आहेच, दुसऱ्या कुणाकडे न जाता तो विठ्ठलालाच विचारतोय यातच ती आली, तिला वेगळी स्तुती चिकटवायची गरज नाही.

चारमिनार_कटिंग
गोटाभाऊंना अनुमोदन, आणि तेलुगूतलं देतो. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशाह, त्याच्या राज्यात कंचर्ल गोपन्ना नावाचा तहसीलदार होता, त्याने सारावसुलीच्या पैशातून भद्राचलमला रामाचं देऊळ बांधलं आणि तुरुंगात गेला. तोच भद्राचल रामदास. किल्ल्यावर त्याची कोठडी अजून दाखवतात. तिथलं त्याचं गाणं म्हणजे अक्षरशः बिल आहे, भरताला पाचूचं पदक केलं त्याला दहा हजार वराह (सोन्याची नाणी) लागले, ह्याला अमुक, त्याला तमुक, आणि तू मिरवतोयस, हे काय तुझ्या बापाने दशरथाने पाठवलं का सासऱ्याने जनकाने? आणि मग शेवटी म्हणतो रामा, मार सहन होईना म्हणून बोललो, रागावू नकोस. आता ह्याला अलंकार कसं म्हणणार, माणसाला फटके पडतायत. तरी इकडे सगळे याला निंदास्तुतीच म्हणतात आणि भक्तिभावाने गातात. म्हणजे लोकांनी शब्द सैल करून घेतलाय, माझी हरकत नाही.

उपमा_नको_पोहे
मग शिशुपाल पण भक्तच की 😄 त्याने तर शंभर अपराध पूर्ण केले

वामकुक्षी
हसताय पण भागवताचं उत्तर जवळजवळ हो असंच आहे. सातव्या स्कंधात नारद युधिष्ठिराला सांगतात की गोपी कामाने, कंस भयाने, शिशुपालासारखे राजे द्वेषाने त्याला पोचले. मेल्यावर शिशुपालाचं तेज कृष्णातच शिरलं. पण त्याची ती स्तुती नव्हती, फक्त ध्यास होता.
गोटाभाऊ, कर्ममेळ्याबद्दल मान्य, तिथे मी अलंकार लावणार नाही. जनाबाईंवर मात्र मी ठाम आहे, 'जन्मसावित्री चुडा' हे नुसत्या रागात सुचत नाही हो.

कावेरीकाठी
थोडं अवांतर, तमिळनाडूत सुंदरर नावाचे शैव संत. लग्नाच्या दिवशीच एक म्हातारा येऊन तू माझा गुलाम आहेस म्हणाला, तर सुंदरर चिडून त्याला वेडा म्हणाले. म्हातारा निघाला शंकर, आणि म्हणाला मला वेडा म्हणालास ना, तोच शब्द घेऊन गाणं सुरू कर. त्यांचं पहिलं पद त्याच शब्दाने, 'पित्ता'ने सुरू होतं. तुमच्या कमिटीला हे सांगा, देवाने स्वतः पास केलंय.

खारी_बटर
बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं, थँक्यू सगळ्यांना. ठरवलं, काकांना चुडा आणि काळ या दोन ओळी समजावणार, बाकीच्या शिव्यांना शिव्याच म्हणणार. जनाबाईनंतर कर्ममेळा घेते आणि त्याच्या आधी निवेदनात निंदास्तुती हा शब्द काढून टाकते. मुलांचं काय, ती घरी याहून जास्त ऐकतात. गोटाभाऊ, कर्ममेळ्याचा अख्खा अभंग टाईप करून द्याल का, माझ्याकडे पहिली दोनच चरणं आहेत.