टायर घासतंय म्हणून थेट लिफ्ट किट? मला पटत न्हाय

उद्यमबागवाला:
स्कॉर्पिओची २३५/६५ आर १७ टायरं काढून त्याहून रुंद आणि उंच २६५/६५ आर १७ घालणारे आपल्या बेळगावात बरेच झालेत, मग फुल लॉक मारला, म्हणजे स्टिअरिंग शेवटापर्यंत फिरवलं, की खर्रर्र आवाज, आणि आवाज आला की जो तो एकच सांगतोय, लिफ्ट घाल, म्हणजे किट लावून गाडीची बॉडी चाकांपासून वर उचल. टायर कुठं आणि कधी घासतंय हे बघितल्याशिवाय एक रुपया घालू नका. लायनरला, म्हणजे चाकावरच्या प्लास्टिकच्या आवरणाला, आतून खडू फासा, दोन्हीकडं फुल लॉक मारून गाडी पुढं-मागं घ्या, मग एक चाक बांधावर चढवून परत तेच करा. खडू पुसला तिथं घासतंय. फक्त वळवतानाच घासत असंल तर बहुतेक वेळा लायनर न्हायतर मडफ्लॅप असतोय, हीट गननं लायनर मऊ करून मागं दाबला की काम झालं. आणि चाक खड्ड्यात पूर्ण वर दाबलं गेल्यावर घासत असंल तर नुसती लिफ्ट काय करणार? बंप स्टॉप, म्हणजे चाक वर जायचं थांबवणारा रबर, जुनाच ठेवला तर चाक जुन्याच जागी जाऊन टेकतंय.

कणकुंबीकर:
तुम्ही शहरातल्या सपाट रस्त्यावरचं सांगूलालात. जांबोटी-चोर्ला रस्त्यावर पावसात एकदा येऊन बघा, तांबडी माती आर्चमध्ये, म्हणजे चाकावरच्या कमानीत, अशी गच्च बसते की खडूनं मोजलेली जागा अर्ध्या तासात भरून जाते. आम्हाला फट पाहिजे, नुसतं घासणं थांबून भागत न्हाय. लिफ्ट घालायची आणि बंप स्टॉप पण वाढवायचा, दोन्ही एकदमच. निम्मं काम करून किटला नाव ठेवू नका.

उद्यमबागवाला:
बंप स्टॉप वाढवला तर माझं काही म्हणणं न्हाय, पण तेच कोण करत न्हाय वो.

निपाणीचा गडी:
एवढा खटाटोप कशाला भावा, चाक आणि हबच्या मधी बसणारी चकती, स्पेसर टाक. तुमच्याच उद्यमबागेत लेथवर पाहिजे त्या मापाचा करून मिळतोय.

उद्यमबागवाला:
टायर आतल्या बाजूला सस्पेन्शनच्या आर्मला न्हायतर चेसीला घासत असंल तरच स्पेसर. कारण चाक बाहेर आलं की वळताना मोठा गोल मारतंय, म्हणजे आतलं थांबलं आणि बंपरच्या कोपऱ्याला चालू झालं. परत बेअरिंगवर जोर वाढतोय तो वेगळाच. आणि लेथवरचा घ्यायचाच असंल तर हबच्या मधल्या उंचवट्यावर घट्ट बसणारा घ्या, नुसत्या बोल्टच्या आधारावर अडीच टनाची गाडी घाटात उतरवू नका.

खडेबाजार_६५:
मला तर सगळं उलटंच वाटतंय. आधी हिशोब करा. २३५/६५ चा व्यास ७३७ मिमी, २६५/६५ चा ७७६. फरक ३९, म्हणजे गाडी वर उचलली जाणार २० मिमीसुद्धा न्हाय! तेवढ्यासाठी लायनर कापायचा, पत्रा ठोकायचा, मीटरात ८० दिसताना गाडी खरं ८४ नं पळवायची, पिकअप आणि ब्रेक दोन्ही जड करून घ्यायचे? २४५/६५ घाला, व्यास ७५०, सहसा कुठं टेकत न्हाय. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालणार न्हाय. शिनोळीची हद्द ओलांडून महाराष्ट्रात आंबोलीला जाताना बेळगावची केए २२ पाटी आणि बाहेर आलेली टायरं बघून कोण अडवलं तर काय सांगणार, आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाल्याला काय सांगणार?

कणकुंबीकर:
२० मिमी तुम्हाला कमी वाटतंय, पण जांभ्याचा दगड डिफरेन्शियलला, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या मधल्या गोळ्याला, लागणं आणि न लागणं यात तेवढाच फरक असतोय. कायद्याचं मात्र मान्य, त्यावर माझ्याकडं उत्तर न्हाय.

निपाणीचा गडी:
मग स्टिअरिंगचा स्टॉप वाढव, वॉशर टाकला की चाक तेवढं वळणारच न्हाय, घासायचा प्रश्नच मिटला.

खडेबाजार_६५:
आणि गणपत गल्लीत गाडी कशी वळवायची? चोर्ल्यात वळणावर मागं लॉरी लागलेली असताना रिव्हर्स मारणार का?

कणकुंबीकर:
आर्चमधला पत्र्याचा जोड ठोकून चपटा करायला पण माझा विरोध हाय. आमच्या पावसात रंग उडालेला पत्रा दुसऱ्या पावसाळ्याला सडतोय.

उद्यमबागवाला:
ठोकल्यावर झिंक प्रायमर, वर सीलंट आणि अंडरकोट मारला तर न्हाय सडत, पण त्याच दिवशी मारायला पाहिजे, पुढच्या आठवड्यात बघू म्हणायचं न्हाय. आणि एक गोष्ट राहिलीच, फुल लॉकला चाक धरून ब्रेकचा होज (ब्रेक ऑइलची नळी) आणि एबीएसची वायर टायरपासून किती लांब आहे ते हात घालून बघा. लायनर घासला तर आवाज येतोय, होज घासला तर आवाज येत न्हाय, एकदम पेडलच खाली जातंय. तिथं खुण दिसली तर मग २६५ चा हट्ट मी पण सोडा म्हणणार.

खडेबाजार_६५:
होजपर्यंत वेळच कशाला आणायची? मी २४५ च सांगणार.