मदत हवी आहे: स्ट्रक्ट बदललं, जुने प्रोग्राम कोसळतात

सांगलीत हळदीच्या अडत्यांकडे वजनकाटा वाचणारी आमची सी लायब्ररी चालते, ६४ बिट लिनक्सवर. नव्या आवृत्तीत नोंदीच्या स्ट्रक्टमध्ये (फील्डं एकत्र ठेवणाऱ्या रचनेत) मधेच ८ बाइटचं ओलाव्याचं फील्ड आलं. पुढची फील्डं सरकली. जुना प्रोग्राम जुन्याच आकाराची जागा देतो आणि लायब्ररी त्यापलीकडे लिहिते. लायब्ररीचं सोनेम (सुसंगत आवृत्ती ओळखायचं आतलं नाव) तेच, म्हणून प्रोग्रामला लायब्ररी जोडणारा लोडरही अडवत नाही. पावतीवर चुकीचं वजन छापलं जाणं तर क्रॅशहून वाईट!

सगळीकडे पुन्हा कंपाइल करणं शक्य नाही. जुनं स्ट्रक्ट तसंच ठेवून नव्याला वेगळं फंक्शन द्यावं, की त्याच नावाला सिम्बॉल व्हर्जनिंग (एकाच नावाच्या जुन्या-नव्या व्याख्यांना आवृत्तीची खूण देणं) लावावं? जुन्या बायनरींत (कंपाइल झालेल्या प्रोग्राममध्ये) आवृत्तीची खूणच नाही. ग्लिबसीचा (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीचा) लोडर त्यांना जुन्या व्याख्येलाच जोडेल, अशी व्हर्जन स्क्रिप्ट (लिंकरला या खुणा सांगणारी फाइल) कशी लिहायची? कुणी केलं असल्यास नमुना द्या.