चेटकीण दिसत नाही, हेच बरं

'दीड तास नुसता कॅमेरा हलतो, चेटकीण दिसतच नाही' अशी तक्रार कुणी 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'बद्दल (१९९९), म्हणजे चेटकिणीच्या शोधात जंगलात हरवलेल्या तिघांच्या भयपटाबद्दल, करत असेल, तर मला नेमकं तेच आवडलं. अमेरिकेतल्या मेरीलँडच्या जंगलात आठ दिवस तिघा कलाकारांनीच कॅमेरे धरले. दिग्दर्शक फिल्मच्या डब्यांत सूचनांच्या चिठ्ठ्या ठेवून जायचे, प्रत्येकाची वेगळी. दुसऱ्याला दाखवायची नाही. खाणंही रोज कमी करत नेलं. रात्री तंबू गदागदा हलतो ना, तो हलवणारी दिग्दर्शक मंडळीच, आणि आतल्यांना कल्पना नव्हती! म्हणून ती पळापळ अभिनय वाटत नाही. (नकाशावरची भांडणं मात्र जरा लांबलीत.) बघायचाच तर हेडफोन लावून बघा. अंधारात पोरांचे आवाज येतात, तिथे मी चक्क उठून दिवा लावला होता.